बांधावरचे खड्डे

रोहा, २८ जुलै १९९६

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे, खोकलाही कमी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मागल्या पंधरवड्यात कंपनीने आम्हाला झाडं लावायला पेणच्या खाडीवर नेलं. भातशेतीला लागून मातीचा उंच बांध होता. आपल्याकडे बांधावर बाभळ असते, म्हणून मीच म्हणालो, इथे लावू. साहेबांनी फोटो काढले. चाळीस खड्डे झाले तोच शेतातून पुतळी नावाची म्हातारी ओरडत आली, "अरे, हा बांध हाय म्हणून खाडी बाहेर हाय! उद्या अवस. उधाणाचं खारं पाणी भातात शिरंल!"

मला मान वर करवेना. मग गावकऱ्यांसोबत रांगेत उभे राहून आम्ही हातोहात चिखलाचे गोळे दिले आणि संध्याकाळपर्यंत सगळे खड्डे बुजवले. तळहात सोलले, पण आता बरे आहेत. निघताना तीच म्हातारी म्हणाली, "बाला, भाकर खाऊन जा." तेव्हा तुझी फार आठवण आली.

बांध टिकला, असा निरोप आला.

कंपनीने वाटलेला फोटो सोबत आहे. त्यात मी खड्डा खणताना हसतोय. शेजारणींना दाखव हवं तर, पण भिंतीवर लावू नकोस.

तुझा,
जालिंदर