खोडलेली तपासणी आणि तळमजल्यावरची खोली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डावा डोळा गेला आहे, बुद्धी नाही. घटनाक्रम असा :

दोन वर्षांपूर्वी डावा डोळा लाल व धूसर झाला, नजरेपुढे काळे ठिपके तरंगू लागले. पुतण्या नेत्रतज्ज्ञ आहे. त्याने आठ महिने नुसते स्टेरॉइडचे थेंब दिले. डोळा निवळे आणि पुन्हा पेटे. “काकू, वयाप्रमाणे चालायचंच,” हे त्याचे निदान.

उजवाही धूसर झाल्यावर मी सरकारी रुग्णालय गाठले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारले, “आजी, यजमानांना कधी गुप्तरोग झाला होता?”

“त्यांना विचारायला तुम्हाला उशीर झाला. माझं रक्त घ्या. आणि आजी नाही, मॅडम.”

रक्तात उपदंश, म्हणजे सिफिलिस, निघाला. पाठीतून पाणी काढले, त्यातही दोष होता. चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन दिले. उजवा डोळा वाचला. डाव्याचा पडदा तोवर निकामी झाला होता.

सबब :

१. माझा सूक्ष्मदर्शक डॉक्टरीणबाईंना. भिंगे मी पुसली आहेत. पदराने पुसू नयेत.

२. दिवंगत यजमानांनी या रोगाखेरीज मला काही दिल्याचे स्मरत नाही. सचोटीवरील त्यांच्या भाषणांची बाडे रद्दीत घालावीत.

३. जाऊबाई, म्हणजे पुतण्याच्या मातोश्री, म्हणाल्या, “कुणापाशी बोलू नकोस हं, घराचा आब जाईल.” त्यांना माझ्या तपासण्यांची प्रत, ठळक अक्षरांत.

४. सर्व बचत त्या रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागास.

५. तळमजल्यावरील माझ्या खोलीत पुतण्याचा दवाखाना आहे. रुग्णालयातून परतल्यावर मी तिथला माझा पहिला कागद पाहिला; त्यावर त्याने हीच रक्ततपासणी लिहून खोडली होती. विचारल्यावर म्हणाला, “काकू, तुमच्यासारखीला असली तपासणी कशी सांगणार? लाज वाटली.” पुढच्याच आठवड्यात यजमानांच्या कपाटात त्याच तपासणीची, यजमानांच्या नावाची चिठ्ठी मिळाली. हस्ताक्षर पुतण्याचे, तारीख अकरा वर्षांपूर्वीची. खोली त्याला मिळेल की रुग्णालयाला, हे त्याच्या उत्तरावर ठरेल.

साक्षीदार : शेजारच्या शिंपीणबाई (सही), महाविद्यालयाचे निवृत्त ग्रंथपाल (सही)
स्थळ : राहते घर, अभ्यासिका. दिनांक : ९ ऑगस्ट.
(सही)

प्रत पुतण्यास, समक्ष. ती ओळ खोडताना तुला काकांची चिठ्ठी आठवली होती की नव्हती? पंधरा दिवसांत, स्वहस्ते, सहीनिशी लेखी उत्तर द्यावे. आईला मध्यस्थीस पाठवू नये.