तीनदा म्हणा

६ जानेवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. एम.ए. भाषाशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. प्रबंधाचा विषय मंजूर झालाय: झरी गावातल्या वयस्क स्त्रियांची बोली. वेळापत्रक पक्कं. जानेवारीत रेकॉर्डिंग, फेब्रुवारीत विश्लेषण, मार्चमध्ये लेखन, एप्रिलपासून नोकरी. नोकरी कोणती ते ठरवलेलं नाही, कारण पर्याय फार आहेत. शब्दकोशाचं काम. कोर्टात आवाज ओळखणारा तज्ज्ञ. मोबाइलला मराठी शिकवणारी कंपनी. परदेशात पीएच.डी.

बाबांनी (तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर) पुन्हा विचारलं, या शिक्षणाला पोस्ट कोणती. मी म्हणालो, पोस्ट नसते, क्षेत्र असतं. ते म्हणाले, मग तलाठ्याचा फॉर्म भरून ठेव.

९ जानेवारी

झरीला जाऊन आलो. परभणीच्या स्टँडवर एसटीचा कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, झरी, झरी, झरी. स्पष्ट उच्चार. असे लोक अभ्यासाला हवेत.

गावात मुंजाजींची चहाची टपरी आहे. त्यांनी चांगुणाबाईंकडे नेलं. वय सत्तरीच्या पुढे, घरात एकट्या. बोली अस्सल, दात पुरेसे. मला मास्तर म्हणाल्या. बरं वाटलं.

पद्धत समजावली. दोनशे दहा शब्दांची यादी. मी अर्थ सांगणार, बाईंनी आपला शब्द तीनदा म्हणायचा. पहिला घाबरून येतो, तिसरा कंटाळून, मधला खरा असतो. वाक्य आमच्या गाइड सुमंगला मॅडमचं आहे, पण मी माझं म्हणूनच सांगितलं.

१४ जानेवारी, संक्रांत

त्रेसष्ट शब्द झाले. ऐंशी व्हायला हवे होते. दोष माझा नाही. बाईंनी आधी तिळगूळ दिला, मग तो खाताना माझाच कुरकुर आवाज माइकमध्ये गेला. शिवाय बाईंना एक शब्द विचारला की त्या गोष्ट सांगतात. पाणी म्हटलं तर विहीर, विहीर म्हटलं तर ती खणणारा नवरा, नवरा म्हटलं तर त्याचं मरण, आणि तिथून मुलगी.

मुलगी रेणुका, गंगाखेडला दिलेली. नवरा गेला तेव्हा गावकऱ्यांनी घाई केली, मुलगी पोचायच्या आत अग्नी दिला. ती वेशीवरूनच परत फिरली. चार वर्षं झाली, माय-लेकीचं बोलणं नाही.

हे सगळं सात मिनिटं. प्रबंधाला उपयोग शून्य. पुढच्या वेळी कडक राहायचं.

२१ जानेवारी, दुपारी ४, परतीच्या एसटीत

मोठा अडथळा आला आणि मी तो कौशल्याने पार केला. हे मुलाखतीत सांगण्यासारखं आहे.

शब्द क्रमांक १४१, मरणे. हा वाक्यात घ्यायचा असतो. वाक्य मीच ठरवलेलं: म्हातारी मेली. बाई एकदा म्हणाल्या आणि गप्प. मी म्हणालो, तीनदा. त्या म्हणाल्या, एकदा म्हणले की. मरणाचं नाव तीनदा घेतलं की ते घर विचारीत येतंय, तीनदा म्हणायला मी काय येडी हाय का.

मी त्यांना विज्ञान समजावलं. त्या हसल्या, पण ढिम्म. मग म्हणाल्या, मास्तर, मी म्हणते, पण तुमी माझं एक काम करा. ह्या मशीनीत मी रेणुकासाठी बोलते, ते तिला नेऊन ऐकवा. फोनवर ती माझा आवाज ऐकला की ठेवून देतीय, मशीनीला कशी ठेवून देईल. मी म्हणालो, नक्की. शब्द दिला.

बाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, म्हातारी मेली, म्हातारी मेली, म्हातारी मेली. रेकॉर्डिंग अतिशय स्वच्छ.

त्यानंतर अकरा मिनिटं मुलीशी बोलल्या. रेकॉर्डरवरचा आवाजाचा मीटर तीनदा लाल पट्टीत गेला. मी बाईंना माइकपासून लांब बसायला सांगितलं. एक वाक्य मात्र टिपून ठेवलं, त्यातलं क्रियापदाचं रूप आमच्या पुस्तकात नाही: थांबायला पायजे होतं, थांबले न्हाई. आणखी हिरव्या लुगड्याचं काहीतरी, पेटीत ठेवलंय, तुझंच हाय, वगैरे. कौटुंबिक.

२८ जानेवारी

दोनशे दहा पूर्ण. निघताना बाईंनी विचारलं, रेणुकाला ऐकवलं का. सांगितलं, प्रोसेसिंग चालू आहे. त्यांना शब्द आवडला असावा. दोनदा म्हणून बघितला.

२ फेब्रुवारी

आज सहा तास सलग बसलो. मॅडमचा निरोप होता की डेटा स्वच्छ करून आणा आणि विभागाचा रेकॉर्डर सोमवारपर्यंत जमा करा. लॅपटॉप भरलेला (वेब सिरीज, त्याही उच्चारांच्या अभ्यासासाठीच). म्हणून शब्द तेवढे कापून ठेवले आणि मधलं सगळं काढून टाकलं. कोंबडा, भांडी, मुंजाजींचं खोकणं, विहीर, नवरा, मुलगी. कार्ड फॉरमॅट केलं. रिसायकल बिनही रिकामी केली. इतकं नीट काम मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

सहाशे तीस उच्चार उरले. एकही फालतू अक्षर नाही.

५ फेब्रुवारी

मुंजाजींचा फोन आला. बाई विचारायल्यात, मास्तर गंगाखेडला कवा जायलेत. मी म्हणालो, एडिटिंग. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ती अकरा मिनिटंही कापली गेली. काही बिघडलं नाही. पुढच्या आठवड्यात झरीला जाऊन पुन्हा बोलून घेऊ, या वेळी माइक लांब ठेवू. बाईंकडे वेळच वेळ आहे.

१० फेब्रुवारी

झरी रद्द. मोबाइलच्या कंपनीचा फॉर्म भरायचा होता. भरला नाही, पण दिवस त्यातच गेला.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११

मुंजाजींचा फोन. चांगुणाबाई गेल्या. परवा दुपारी, बसल्या जागी. मी विचारलं, आजारी होत्या का. म्हणाले, न्हाई ओ, लय चांगल्या होत्या. सकाळीच टपरीवर येऊन तुमचं विचारून गेल्या.

वय झालं होतं. सत्तरीनंतर हृदय कधीही थांबतं. शब्दाने माणूस मरत नाही. शब्द आणि वस्तू यांचा संबंध माणसांनी मानलेला असतो, हे आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. मला त्या पेपरला बासष्ट मार्क होते.

१५ फेब्रुवारी

विश्लेषण सुरू करायचं होतं. फाइल १४१ सोडून बाकीच्या आधी घेतो. क्रमाने जायलाच हवं असा काही नियम नाही.

१८ फेब्रुवारी

आईने जेवायला हाक मारली, मुकुल, मुकुल, मुकुल. मी हललो नाही. घाम फुटला होता. बाबा म्हणाले, याला ऐकूही कमी यायला लागलं. उद्यापासून पहिल्याच हाकेला ओ द्यायची.

१९ फेब्रुवारी

कुकरच्या तीन शिट्ट्या. हे सगळ्या घरांत होतं.

२० फेब्रुवारी

झरीला बाईंची तेरवी तीन दिवसांवर. जाणं योग्य झालं असतं. पण स्टँडवर तो गावाचं नाव तीनदा ओरडणारा कंडक्टर उभा असतो.

२४ फेब्रुवारी, दुपारी

तेरवीला गेलो नाही. ताप होता. थर्मामीटरला दिसला नाही, पण होता.

दुपारी हेडफोन लावून काम. सूर्य, सूर्य, सूर्य. माती, माती, माती. प्रत्येक तिसऱ्या उच्चाराच्या शेवटी बाई श्वास घेतात. पुढे काहीतरी बोलायला घेतात तसा. आणि तिथेच मी कापलंय. दोनशे दहा वेळा मी बाईंच्या तोंडावर हात ठेवलाय असं वाटलं. हेडफोनची गादी घट्ट आहे, त्याने असं वाटू शकतं.

फाइल १४१ आपोआप लागली. प्लेलिस्टमुळे. तिसऱ्यांदा म्हणताना बाई हसतायत. हे आधी ऐकू आलं नव्हतं.

१ मार्च

परभणीत डेटा परत काढून देणारा एक जण आहे. रेकॉर्डर अजून विभागात पडून होता, कार्ड मागून आणलं. त्याने चार फाइली काढून दिल्या. तीन माझ्याच: हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. चौथीत कोणीच बोलत नाही. कोंबडा आरवतो आणि कोणीतरी जवळ बसलेलं आहे, एवढंच कळतं. ती तीन वेळा ऐकली. मग मुद्दाम आणखी तीन वेळा ऐकली, तिनावर थांबायला नको म्हणून. सहा पण तिनाच्याच पाढ्यातला निघाला.

६ मार्च

बातमी उत्तम. मोबाइलला मराठी शिकवणाऱ्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत ठरली. माझा फॉर्म सुमंगला मॅडमनीच भरला होता. नोकरी लागली की हे सगळं मागे पडेल. बाबांना पोस्टचं नावही सांगता येईल.

१० मार्च

मुलाखत. सुरुवात झकास. बाईंचे शब्द ऐकवले. मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सुंदर, पण शब्दांच्या याद्या आमच्याकडे ढिगाने पडून आहेत. आम्हाला माणसाचं सलग बोलणं हवंय. एखादी म्हातारी आपल्या मुलीशी मनापासून बोलतेय, असं काही आहे का तुमच्याकडे.

मी म्हणालो, नेटवर्क जातंय. नेटवर्क व्यवस्थित होतं. मी लॅपटॉप बंद केला.

सुमंगला मॅडमना सांगितलं.  त्या म्हणाल्या, स्वच्छ कर म्हणजे एक प्रत वेगळी काढ रे, मूळ कोणी पुसतं का. आवाज बारीक होता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मार्च

निश्चय: गंगाखेडला जाऊन रेणुकाताईंना स्पष्ट सांगायचं. वेळ सकाळी नऊ. एसटी मिळाली नाही. स्टँडवर गेलोच नाही, त्यामुळे मिळाली नाही.

१९ मार्च, दुपारी १२.४०

सकाळी साडेदहाला रेणुकाताई स्वतःच आल्या. मुंजाजींनी पत्ता दिला. पन्नाशीच्या आतल्या, हातात कापडी पिशवी, चेहरा बाईंचाच. आईने चहा केला. त्या बाबांना म्हणाल्या, तुमच्या मुलाजवळ माझ्या आईचा आवाज हाय म्हणं. मुंजाजीमामाला आई सांगून गेली, रेणुकीसाठी सगळं मशीनीत ठेवलंय, मास्तर घेऊन जाणार हायेत. मी वाट बघितली. म्हणलं, मास्तरला येळ नसंल, आपणच जावं.

मी सांगितलं, दुरुस्तीचं काम चालू आहे, पुढच्या महिन्यात. बाबा म्हणाले, आहे तेवढं ऐकव की. बाबांना मध्ये बोलायची सवय आहे.

लावलं. रेणुकाताईंनी हेडफोन दोन्ही हातांनी धरून ठेवला. हात, हात, हात. डोळा, डोळा, डोळा. दोनशे दहा शब्द, चाळीस मिनिटं. चहावर साय आली. १४१ ला मी पुढे ढकलायला हात नेला, त्यांनी माझा हात बाजूला केला. ऐकलं.

संपल्यावर विचारलं, बाकीचं. मी म्हणालो, एवढंच आहे. त्या म्हणाल्या, माझी आई एवढं कमी बोलणारी न्हाई.

तेव्हा सांगितलं. पुसलं म्हणून. सोपं वाटलं, कारण एकदाच म्हणावं लागलं.

त्या उठल्या नाहीत. विचारलं, तुमी तर समोर बसले होते ना, काय म्हणाली माझी आई. मी आतून ही वही आणली. २१ जानेवारीचं पान काढलं आणि होतं तेवढं वाचून दाखवलं. थांबायला पायजे होतं, थांबले न्हाई. हिरवं लुगडं पेटीत, तुझंच हाय. क्रियापदाबद्दल जे लिहिलंय ते गाळलं. वगैरे गाळलं. कौटुंबिक गाळलं. मग फारच थोडं उरलं.

रेणुकाताई म्हणाल्या, पुन्हा एकदा. मी वाचलं. त्या म्हणाल्या, असं न्हाई, आई असं न्हाई म्हणायची. तिच्यावाणी म्हणून दाखवा, तुमी तेच तर शिकता ना.

मी प्रयत्न केला. दोन वर्षं मी आवाजाचा चढउतार शिकलो, तक्ते काढले. बाईंचा चढ कुठे होता ते काही केल्या आठवेना. तिसऱ्यांदा म्हणताना माझाच आवाज फुटला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. रडत होती का, त्यांनी विचारलं.

माहीत नाही, मी म्हणालो. मी मीटर बघत होतो. मीटर तीनदा लाल झाला होता.

लाल म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आवाज फार मोठा झाला की होतो. माणूस माइकच्या फार जवळ आलं की होतो.

मग तुमी काय केलं.

१९ मार्च, दुपारी १

तलाठ्याचा फॉर्म बाबांनीच भरला. त्यात एक रकाना आहे: उमेदवारास कोणकोणत्या भाषा येतात. त्यांनी विचारलं, काय लिहू. मी सांगितलं, मोकळा सोडा.

रेणुकाताई साडेबाराला गेल्या. पिशवीत हिरवं लुगडं होतं, दारात पिशवी उचलताना दिसलं. पेटी त्यांनी आधीच उघडली होती. निरोप त्यांना मुंजाजींकडून कळलाच असणार, फक्त तो आईच्या तोंडून ऐकायला आल्या होत्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी खरं दिलं. म्हणालो, मी बाईंना लांब बसायला सांगितलं. त्या बसल्या. मग हळू हळू बोलल्या, आणि मग थांबल्या.