मागच्या तारखेचा परवाना

ता. ४ मार्च

ति. अप्पांस,
ठोंब्याचा सा. न. वि. वि.

काल दुपारी सुखरूप उतरलो. लगेच फोन केला, तर आईनं जेवलास का एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं आणि फोन तुमच्या हातात दिला. मग तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारायला लागलं. मी इकडून ओरडतोय आणि विमानतळावरचे लोक वळून बघताहेत! त्यापेक्षा पत्र बरं. मेलवर पाठवतोय, शेजारचे फोटोवाले काका छापून देतील.

अप्पा, मी अजून ताईपर्यंत पोचलेलो नाही. ती काच फुंकायला शिकते त्या काचशाळेचं गाव वर डोंगरात आहे. तिकडे जाणारी बस रस्ता खचल्यामुळे बंद आहे, लहान गाड्याच तेवढ्या जातात. म्हणून भाड्याची गाडी घ्यायला गेलो. खिडकीतल्या मुलीनं माझं लायसन उलटंपालटं करून पाहिलं आणि गोड हसून सांगितलं, की यातलं एक अक्षर तिला वाचता येत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आहे का, म्हणाली. मी म्हटलं, बारा वर्षं गाडी चालवतोय. ती म्हणाली, ते ठीक, पण परवाना? लिफ्ट दुरुस्त करणारा मी माणूस, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्यांना रोज बाहेर काढतो. इथं स्वतःच अडकलो.

बंदराजवळ एक दुसरा गाडीवाला आहे. तो परवाना-बिरवाना काही मागत नाही. उद्या सकाळी ये आणि चावी घेऊन जा, म्हणाला. घेऊन टाकू का? ताईला फोन केला तर उचलत नाही. नुसता निरोप येतो, ठीक आहे, कामात आहे. गेला महिनाभर हेच चाललंय. मी इथवर आलोय हे कळवलं, त्यावरही ठीक आहे! माझं कशातच लक्ष लागत नाही. खोलीत येरझाऱ्या घालून खालच्या मजल्यावरच्यांची झोपमोड केली बहुतेक.

लगेच कळवा. आईला नमस्कार. रागवायचं असेल तर थोडक्यात रागवा.

तुमचा,
ठोंब्या

ता. ५ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

थोडक्यात रागवणं मला जमत नाही. निघण्याआधी मी विचारलं होतं, कागदपत्रं सगळी घेतलीस का. तू म्हणालास, हो हो. तुझे दोन हो म्हणजे एक नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली, पण परदेशात गाडी चालवण्याची वेळ कुणावर फारशी आली नाही, म्हणून आज सकाळीच परवाना कार्यालयात जाऊन बसलो. तिथल्या बाई माझ्याच शिकाऊ. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून सगळं समजावलं. हा परवाना म्हणजे वेगळी परीक्षा नव्हे. आपल्या लायसनचंच अनेक भाषांतलं भाषांतर, आणि मूळ लायसन सोबत असेल तरच त्याला किंमत. ज्या देशाचं लायसन, त्याच देशातून तो मिळतो. काही देशांत तो लागतच नाही, काही ठिकाणी कायदा मागत नाही पण गाडीवाला मागतो, आणि काही ठिकाणी दोघंही मागतात. तू आहेस तिथं दोघंही मागतात. तू अधिकारपत्र पाठवलंस तर अर्ज मी भरतो. पण हातात पडून तुझ्याकडे पोचायला आठवडा तरी जाईल.

त्या बंदरवाल्याचं म्हणशील, तर एवढंच कर. त्याला सांग, की परवाना नसतानाही अपघात झाला तर विमा भरपाई देईल, हे कागदावर लिहून सही कर. लिहून दिलं तर खुशाल घे गाडी. नाही दिलं तर मागं फिर. गाडी कुणालाही चालवता येते रे, पण दुसऱ्याचं हाड मोडल्यावर बाजूला कोण उभं राहतं हे आधी बघायचं असतं.

माझा जीव मात्र चढावर अर्धा क्लच दाबून धरलेल्या गाडीसारखा झालाय. पुढेही जात नाही, मागेही येत नाही. भिंगरी लहानपणापासून एका जागी ठरत नाही, बोलायला लागली की थांबत नाही. ती दोन शब्दांत उत्तर देते म्हणजे काहीतरी बिनसलंय. आई मागे उभी राहून लिही म्हणतेय, की स्वेटर घालत जा.

कसाही जा, पण जा.

तुझा,
अप्पा

ता. ८ मार्च

ति. अप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे बंदरवाल्याला लिहून मागितलं. तो हसला, माझ्या खांद्यावर थाप मारली, आणि टेबलावरचं पेन उचलून खिशात घातलं. मी तिथूनच मागे फिरलो. मग लॉजवरच्या चादरी धुवायला नेणारी एक व्हॅन वरच्या गावी जाते असं कळलं. चालवणारी बाई अबोल होती, पण तिनं नेलं. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून मी ताईच्या गावात शिरलो.

अप्पा, आता पुढचं बसून वाचा. आईलाही बसवा.

ताई धडधाकट आहे, हे आधी सांगतो. पण तिच्या हातून अपघात झालाय. महिन्याभरापूर्वी रविवारी तिनं गाडी भाड्यानं घेतली होती, खालून काचेच्या नळ्या आणायला. कुणाकडून, तर त्याच पेनवाल्याकडून! परतताना गावाबाहेरच्या वळणावर एक सायकल समोर आली. एक म्हाताऱ्या बाई होत्या, पूर्वी पोहायला शिकवायच्या. मांडीचं हाड मोडलं. ताईनंच त्यांना दवाखान्यात नेलं. ताईचा वेग जास्त नव्हता असं बाकीचे लोकही सांगतात. पण परवाना नाही म्हटल्यावर विमावाल्यांनी हात वर केले, आणि गाडीवाला म्हणतो, हिनं मला परवाना आहे असं खोटं सांगितलं.

त्याहून वाईट असं, की चौकशी अधिकाऱ्यानं परवाना मागितला तेव्हा घाबरून ताई बोलून गेली, घरी राहिलाय, मागवून घेते. महिन्याअखेर सुनावणी आहे. तोवर परवाना दाखवायचाय, आणि तो मुळात काढलेलाच नाही.

तुम्हाला कळवू नकोस म्हणून तिनं माझा हात धरला. गाडी शिकवणाऱ्याची मुलगी आहे मी, कोणत्या तोंडानं सांगू, म्हणाली. ती नीट जेवत नाही. भट्टीपुढे उभी राहते, काच तापवते, फुंकते आणि तडकवते. तिच्या हातून काच तडकते, अप्पा! मी तुम्हाला कळवतोय हे तिला माहीत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही.

माझ्यावर राग असेल तो असू द्या. तिच्यावर नको.

तुमचा,
ठोंब्या

ता. १० मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर घरात टिकलो नाही. बाजारात गेलो, काय आणायला आलो ते विसरलो, परत आलो, पुन्हा गेलो. आई देवळीतला दिवा लावायचा सोडून खिडकीत उभी. दोघांपैकी कुणीच रडलं नाही. रडायला एका जागी बसावं लागतं.

तू घाईनं वाचू नकोस. कार्यालयाच्या फाटकाशी एक दलाल उभा असतो. माझ्या शिकाऊंना मी त्याच्या सावलीलाही उभं राहू दिलं नाही कधी. काल मी स्वतः त्याच्याकडे गेलो. त्याला बहुतेक माझ्या तोंडावरूनच समजलं. म्हणाला, मागची तारीख घालून परवाना करून देतो, शिक्का खरा, वही खरी, कुणाच्या बापाला कळणार नाही. भिंगरी परदेशी गेली त्याच्या आधीची तारीख घालतो म्हणतोय. मी हो म्हणालो. फोटो दिला. परवा मिळेल.

हे बरोबर नाही, हे मला तू सांगायची गरज नाही. पण मुलगी अडकलीय आणि बाप हात बांधून बसलाय, हेही बरोबर नाही. एका शब्दानं तिचं खोटं खरं होत असेल तर होऊ दे. भिंगरीला यातलं काही सांगू नकोस. परवाना हातात पडला की सांग, घरी सापडला.

तिला जेवायला घाल. तिच्यासमोर बसून घाल.

अप्पा

ता. १२ मार्च

ति. अप्पांस आणि ति. आईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

ठोंब्याच्या पोटात काही राहत नाही हे माहीत असून तुम्ही त्याला गुपित सांगितलंत! काल तो माझ्या खोलीत इकडून तिकडे फिरत होता. पाणी पितो, खिडकी उघडतो, बंद करतो. शेवटी मीच म्हटलं, बोल बाबा एकदाचं. बोलला.

अप्पा, मी आज सकाळी अधिकाऱ्याकडे जाऊन आले. सांगितलं, की माझ्याकडे परवाना नव्हता आणि नाही. आधी जे सांगितलं ते खोटं होतं, भीतीनं सांगितलं. गाडीवाल्यानं मला परवाना विचारलाच नव्हता, हेही सांगितलं, पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं, असं म्हटलं. तो बराच वेळ लिहीत होता. मग मान वर करून म्हणाला, यामुळे तुझं प्रकरण सोपं होत नाही. मला माहीत आहे, म्हटलं. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. आणि भूक लागली. किती दिवसांनी.

तेव्हा तो परवाना आता आला तरी उपयोगाचा नाही, आणि मला तो नको आहे. तुमच्यावर रागावून नव्हे. तुम्ही त्या दलालापुढे उभे आहात, फोटो पुढे करताय, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला बसवेना. माझी चूक माझ्याएवढीच राहू दे. ती तुमच्यापर्यंत पसरायला नको.

सायकलवरच्या बाई दवाखान्यातून घरी आल्यात. पहिले दोन आठवडे त्यांनी मला खोलीतच घेतलं नाही. मी रोज जायचे, दारातून परत यायचे. आडवं पडून त्यांना पाणी पिता येत नव्हतं, सांडायचं, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. म्हणून काचेची एक वाकडी नळी बनवली, टोकं विस्तवावर गोल केली म्हणजे ओठाला लागू नयेत, आणि सुनेच्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, नळी बरी आहे, तू मला अजिबात आवडत नाहीस, बस. तेव्हापासून बसते.

आई, मी आज दोनदा जेवले. ठोंब्याला विचार.

माया आटू देऊ नका. ती कमी झाली तर मला लगेच कळतं.

तुमची,
भिंगरी

ता. १३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र फोटोवाल्याच्या दुकानात उभ्यानंच वाचलं. तिथून थेट फाटकाशी गेलो. दलालानं परवाना पुढे केला. सुंदर केला होता, खोटं वाटलंच नसतं. तुझा कॉलेजातला फोटो त्यावर, हसरा. मी फोटो तेवढा सोडवून घेतला आणि बाकीचं त्याच्या देखत फाडलं. तो मला वेड लागलंय असं काहीतरी म्हणाला. कानातलं यंत्र बंद होतं, त्यामुळे सोयीचं झालं.

मग आत गेलो आणि कार्यालयातल्या बाईंना सगळं खरं सांगितलं, दलालासकट. माझी मान खाली होती. तुझं लायसन केव्हापासूनचं, त्यावर कधी एकही गुन्हा नाही, असा दाखला त्यांनी रीतसर काढून दिला. भाषांतर करणाऱ्याकडून भाषांतर करून सोबत पाठवतोय. तू परवाना काढला नाहीस हे खरं. तुला गाडी येते हेही खरं. दोन्ही तिथं कळू दे.

कोणत्या तोंडानं सांगू, असं पुन्हा कधी म्हणू नकोस. शिकवणाऱ्याच्याच मुलीनं सांगायचं नाही तर कुणी? आई म्हणते, फोन उचलत जा. मी म्हणतो, माझ्यासाठी लिहीत जा.

तुझा,
अप्पा

ता. २ एप्रिल

ति. अप्पांस आणि ति. आईस,
सा. न. वि. वि.

निकाल ठोंब्यानं फोनवर सांगितलाच असेल, पण त्याला मधलं सांगता येत नाही.

मला तुरुंग नाही. दोन वर्षं इथं गाडी चालवायची नाही, आणि बाईंच्या औषधपाण्याचा खर्च पगारातून द्यायचा. गाडीवाल्यालाही दंड झाला. दुसऱ्या दोघांनी येऊन सांगितलं, की त्यांनाही त्यानं परवाना विचारला नव्हता. त्याचा विमाही तसाच लंगडा निघाला. तुमचा दाखला वाचून दाखवला तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात बाई कुबड्या टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की त्या वळणावरचं कुंपण माणसाच्या डोक्याइतकं वाढलंय, त्यांनी स्वतः कितीदा तक्रार केलीय. मुलगी हळूच येत होती, हेही म्हणाल्या. मला वाचवायला म्हणाल्या असं नाही. बाईंना चुकीचं लिहिलेलं खपत नाही.

म्हणजे आई, मी लवकर घरी येत नाही. काचशाळेनं दोन वर्षांचं काम दिलंय. ठोंब्या उद्या निघतोय, त्याला रडू आलं तर त्याला चिडवू नका.

काल संध्याकाळी बाई म्हणाल्या, चल. कुबड्यांवर रेटत त्या मला त्या वळणाशी घेऊन गेल्या. कुंपण आता कापलंय, पलीकडचा रस्ता लांबवर दिसतो. मी तिथं उभी राहिले. वरून एक गाडी येत होती. मी डोळे मिटले. बाईंनी कुबडीनं माझ्या पायाला टोचलं आणि म्हणाल्या, पाण्यात डोळे मिटणारी मुलं बुडतात, उघड. उघडले. चालवणाऱ्यानं आम्हाला लांबूनच पाहिलं, वेग कमी केला आणि थांबला. हातानं खूण केली, जा म्हणून. बाईंनी एक कुबडी माझ्या काखेत दिली, माझा दंड धरला, आणि आम्ही दोघींनी सावकाश रस्ता ओलांडला.

पत्र मोठं झालं, म्हणजे मी बरी आहे असं समजा. दोघांचा लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
भिंगरी