दुसरं पाकीट

दि. ४ मार्च

चि. चिंगीस, अनेक आशीर्वाद.

माझा पाय प्लास्टरमध्ये आणि ह्यांना नेमकं तू नर्स आहेस त्याच वॉर्डात दाखल केलंय. स्वादुपिंडाची सूज इतकी जिवावर बेतेल असं वाटलं नव्हतं. तुमच्याकडे रक्त गाळून परत शरीरात सोडणाऱ्या नव्या यंत्राची चाचणी चालू आहे म्हणे. ते ह्यांनाच लागलं पाहिजे. सख्खी बहीण तिथे असून उपयोग काय, असं म्हणायची वेळ माझ्यावर आणू नकोस. तुझे गृहपाठ कोण करायचं ते आठव.

तुझ्यावर जीव टाकणारी,
ताई

दि. ६ मार्च

ती. ताईस सा. न.

यंत्र कुणाला लावायचं हे डॉक्टरसुद्धा ठरवत नाहीत. बंद पाकिटं असतात. आत 'यंत्र' किंवा 'नेहमीचे उपचार' एवढंच लिहिलेलं. काल दोनच पेशंट होते, भावोजी आणि शेजारच्या खाटेवरचे एक शिंपी. भावोजींचं पाकीट मी खिडकीशी उजेडात धरून पाहिलं. मग शिंप्यांचं पाहिलं. पुढचं लिहीत नाही. भावोजींना यंत्र लागलंय. हे पत्र वाचून फाडून टाक.

रागावायचं तेवढं रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
चिंगी

दि. ९ मार्च

चि. चिंगीस अ. आ.

पत्र फाडलं. रागावू कशाला? शिंप्याच्या बायकोचं वाईट वाटतं, पण आपल्या माणसापुढे दुसरं काही सुचत नाही बघ. घरी येताना ह्यांना नवा सदरा हवा. छाती बेचाळीस, बाही चोवीस. कापड किती लागेल ते त्या शिंप्यालाच विचार.

घरच्या सगळ्यांचा तुझ्यावर लोभ आहे, माझा जरा जास्तच.
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस सा. न.

यंत्रात रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवायचं औषध देतात. परवापासून भावोजींना पोटात आतल्या आत रक्तस्राव होतोय. आधी यंत्र लावलेल्या दोघांनाही तेच झालं, म्हणून चाचणी बंद केली. यंत्र काढलंय, रक्त थांबत नाही. पाकिटांचं मी डॉक्टरांना सांगून आले. त्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं.

शिंपी आज आपल्या पायांनी घरी गेले. म्हणाले, यंत्र मिळालं नाही म्हणून चार दिवस रडलो, आता तुमच्या भावोजींचा सदरा मीच शिवतो. तुझं पत्र काढून मी त्यांना माप वाचून दाखवलं.

पाय ओढत का होईना, मिळेल त्या गाडीने ये. लोभ असू दे म्हणायला मला आज तोंड नाही.
चिंगी