गुरुपादप्पांचं नाव आणि बारावं अक्षर

तीर्थरूप व्यंकटीमामांच्या चरणी,

रेणापूरहून रविकांतचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींच्या धाकात औषध चालू असेलच. (फोन केला असता, पण फोनवर लघु-गुरू नीट ऐकू येत नाहीत, असं तुम्हीच म्हणता. म्हणून नांदेडला, तुमच्या विष्णुपुरीला निघालेल्या जीपवाल्याच्या हाती हे पत्र.)

मामा, परवा आपल्या कावेरीताईच्या करिश्माचं लग्न आहे आणि ते मोडायच्या बेतात आहे. माझ्यामुळे, असं सगळं घर म्हणतं. मी म्हणतो, शार्दूलविक्रीडित वृत्तामुळे. पोरीनं जातीबाहेरचा मुलगा निवडला, तेव्हा दोन्ही घरांच्या बैठकांत घसा फोडून बोललो तो मीच. दोन वर्षांनी होकार मिळाला. मंगलाष्टकं अर्थात मीच लिहिली, दोन्हीकडच्या नातलगांची नावं गुंफली, गुलाबी कागदावर छापून काल लातुरात बस्ता बांधताना कापडदुकानातच वाटली. मुलाच्या आजोबांनी, गुरुपादप्पांनी, ओळींवर बोट फिरवत कागद दोनदा वाचला. "समद्यांची नावं हायत. माझं कुठं हाय?"

तिथं मी तोंड आवरायला हवं होतं. पण समोर बसलेली माणसं दिसली की माझं भाषण होतं, हे तुम्ही जाणता. गादीवर उभा राहून सांगितलं, की ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. आणि आपलं नाव मावतं ते नेमकं त्या थांब्यावरच:

सारे मानति या घरास, गुरुपा – दप्पा जया रक्षिती

म्हणजे गाणाऱ्या बायका 'गुरुपा'वर श्वास घेणार आणि 'दप्पा' पलीकडे ताटकळणार. थोर माणसाचे असे दोन तुकडे मी करणार नाही. नुसतं 'गुरुपाद' चालेल का? (ते दुसरीकडे अलगद बसतं.) ते शांतपणे म्हणाले, "अप्पा काढला म्हंजी मला पोरगा केलं की. नाव न्हाई, तर अक्षता बी न्हाई." आणि चहा तसाच ठेवून उठले.

तेव्हापासून त्यांच्याकडचा फोन लागत नाही. कावेरीताई माझ्यापुढे ताट आपटते. करिश्मा एवढंच म्हणाली, "मामा, तुम्ही जात मोडली, मग हे एवढं मोडून टाका की." मी म्हणालो, जात अन्यायाची म्हणून मोडली, यतीनं कुणाचं काय बिघडवलंय? त्यावर तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं दोन वर्षांत विरोधकांनीही पाहिलं नव्हतं.

तुमचा भाचा,
रविकांत

ता. क. वृत्तं शिकवतानाच्या तुमच्या पट्टीच्या धाकानं मी आजवर यती मोडली नाही. 'वडीलधाऱ्यांच्या नावात मोडली तर चालते' एवढं सहीनिशी लिहून परतीच्या जीपनं पाठवा. दोष लागलाच, तर नांदेडला लागेल.

ता. क. २. जीप अजून भरलेली नाही. करिश्मा स्वतःच जाऊन ती ओळ आजोबांना म्हणून दाखवून आली. त्यांनी पुन्हा म्हणायला लावली. "माझ्या नावात आल्यावर बायका दम खायला थांबत्यात? ह्यो तर मान हाय." लग्न होतंय.

ता. क. ३. करिश्माचे वडील, आपले दगडोबा, इतके दिवस मुकाट 'पिता' म्हणून ओळीत बसले होते. आता म्हणतात, "मला बी मधनं तोडा." मोजून पाहिलं, दगडो – बा, तेही बाराव्यावरच तुटतात. तेव्हा परवानगी दोघांची पाठवा.