खापरवरची पैज

४ नोव्हें., मंगळ.
पुण्याहून वैशूनं पार्सल पाठवलं. आमच्या कादंबरीचा सातवा भाग. शेवटचा. फोनवर म्हणाली, "आई, एका दमात संपवू नकोस, पुरवून वाच." लेकीला काय सांगू, उघडायचंच धाडस नाही. कव्हर घातलं तेवढं. कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान, चित्र आतून. ह्यांची पद्धत.

६ नोव्हें., गुरु.
अजून हात लावला नाही. कारण सहाव्या भागाच्या कव्हराच्या पुढच्या घडीत ह्यांची चिठ्ठी आहे.
दर भाग संपला की पुढं काय होणार, ह्यावर आमची पैज. माझी चिठ्ठी मिठाच्या डब्यामागं, ह्यांची कव्हरात. पुढचा भाग वाचून झाल्यावरच उघडायची. हरेल त्यानं आठ दिवस भांडी घासायची. पाचही वेळा मीच घासली.
सहाव्यानंतरची पैज एकच. गोष्टीतल्या रेवानं चोरीला गेलेली नदी परत आणली, तर खापरचं काय? मातीचा माणूस तो. पाणी आलं की...
ह्यांनी लिहिलं, घडी केली, हसले. चार महिन्यांनी गेले. सातवा तेव्हा छापूनही झाला नव्हता.
त्यांनी सांगायची एवढी एकच गोष्ट उरलीय. वाचून संपलं की तीही संपली.

९ नोव्हें., रवि.
शेजारची रूपाली. "काकू, सातवा आला म्हनं? मग मला सहावा द्या की. खापर त्या भुयारातून सुटतो का न्हाई?"
"सांगणार नाही."
"लई आतल्या गाठीच्या तुमी."
माझा सातवा संपला की देते म्हटलं. म्हणजे आता सुरू करणं आलं.
बारा पानं झाली. मोठ्यानं वाचते, सवयीनं. मी चौथी शिकलेली. पहिले दोन भाग ह्यांनीच वाचून दाखवले, सुप्याच्या कंपनीतून आले की. पुढं शुगरनं नजर अधू झाली, तेव्हा मी ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. जोडाक्षराला अडले की हे खाटेवरून शब्द पुरा करायचे. आता अडले की गप्प बसते, मग पुढं.

१४ नोव्हें., शुक्र.
लढाईच लढाई. हे असते तर म्हणाले असते, "उलट पानं, मेले ते मेले." खापर आहे अजून. उन्हानं तडे गेलेत, रेवा लिंपतेय.

२० नोव्हें., गुरु.
संपलं.
नदी आली. रेवा म्हणाली, थांब, बांध घालू. खापर म्हणाला, अडवायचीच होती तर इतकं चाललो कशाला? आणि गेला आत. गुडघे, कंबर, हात. तीन ओळी. सात भाग सांभाळलेल्या जीवाला तीन ओळी! लेखक समोर असता तर चांगला फैलावर घेतला असता. पुस्तक आपटलं. मग उचलून त्याच तीन ओळी परत वाचल्या. कुठं अडले नाही.
माझी चिठ्ठी: खापर राहील.
ह्यांची काढली. मोठं, वाकडं अक्षर. 'खापर विरघळेल. आपणहून जाईल.'
परत जिंकले. म्हणजे जायचं तेव्हाच मनाशी धरलं होतं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पैज हरल्याची भांडी घासली.

२३ नोव्हें., रवि.
सहावा रूपालीला दिला. कव्हरासकट. आता काय त्यात.

२५ नोव्हें., मंगळ.
रूपाली दारातूनच, "काकू, मागल्या घडीत ह्ये हुतं. काकांचं अक्षर हाय ना?"
'खापर राहील. रेवा त्याला सोडायची नाही.'
पुढच्या घडीत एक, मागच्या घडीत एक. चिठ्ठी काढून माझ्या हातात द्यायचे ते नेहमी हेच! पाच वेळा. चाळीस दिवस भांडी!
रूपाली म्हणते, "काका लईच लबाड हुते की ओ."
"लबाड कसले, डांबरट!" म्हटलं आणि हसायलाच लागले. इतकं, की तिनं पाणी आणून दिलं. "काकू, रडताय का हसताय?"

२६ नोव्हें., बुध.
सकाळपासून दोन्ही चिठ्ठ्या समोर. पेन एकच, कागद एकाच वहीचा. पैज जिंकायची म्हणून दोन लिहिल्या, ते कळलं. पण लिहिताना खरं कुठलं वाटत होतं? जाणार, की राहणार?
कालची भांडी मोरीत तशीच आहेत. पाळी कुणाची, ते ठरल्याशिवाय हात लावणार नाही.