बाबांनी पाठवलेले फोटो

बाबा, आई तुमच्यावर चिडलीय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी चिडलीय, आणि त्यात तुमची काडीची चूक नाही, म्हणून लिहायला बसलेय.

दिवाळीनंतर ती मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणातच आहे. आठवणीचाही घोळ झालाय. यंदा थंडी हटायचं नाव घेत नाही; निफाडला द्राक्षं वाचवायला बागांमधून शेकोट्या पेटवतायत. इथे खिडक्या बंद आणि खोलीत मलमाचा, लघवीचा वास. तिला बघायला काहीतरी हवं, म्हणून मी तुमचा अल्बम काढला. तिला बारीक दिसत नाही, तर फोटो मोबाईलवर घेऊन मोठे करून दाखवले. पहिलाच तुम्ही ब्रह्मगिरीवर काढलेला, रानफुलाचा. तिनं बराच वेळ बघितला आणि विचारलं, "पोचले का ते?" मोबाईलवर येतं ते कुणीतरी पाठवलेलंच असतं, एवढं तिच्या डोक्यात पक्कं आहे; तुम्ही फिरायला गेलात आणि तिथे पोचून फोटो पाठवलात, असं तिला वाटलं. मी म्हटलं, "हो, पोचले." त्या दिवशी ती पोटभर जेवली. मग खरं कोण सांगत बसतंय.

रोज सकाळी चहाबरोबर एक फोटो. तुमची ती तऱ्हा आठवते ना? सातपूरच्या कारखान्यातली स्टीलची पट्टी कायम खिशात, आणि फूल असो की दगड, शेजारी पट्टी ठेवल्याशिवाय फोटो काढायचा नाही. माप कळायला हवं, म्हणायचात. "आता सूर्याला पण लावा," असं आई चिडवायची. संक्रांतीच्या सुमारास अल्बम संपला, तशी मी स्कूटर काढून नांदूर मध्यमेश्वरला गेले आणि पाण्यावरच्या बदकांचे फोटो काढून आणले. तिनं मोबाईल ढकलून दिला. "हा त्यांचा नाही. पट्टी कुठाय?" माळ्यावरच्या तुमच्या पेटीतून पट्टी काढली, पुन्हा गेले, कॅमेऱ्यासमोर एका हातानं पट्टी धरली. ते फोटो चालले. मला वाटलं, हिवाळा असाच निघून जाईल.

पण एका सकाळी ती फोटोकडे बघता बघता रडायला लागली. "मी इथे कुजतेय, आणि हे बदकं मोजत हिंडतायत. एकदा येऊन बघावंसं वाटत नाही त्यांना?" तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "ताई, नका दावू आता फोटू. म्हातारी लय रडती." मी बंद केले. तर त्याचंही उलटंच झालं. आता फोटोसुद्धा पाठवत नाहीत, विसरले मला, म्हणून तिनं जेवण सोडलं.

शेवटी मी तिचा हात धरला आणि सांगितलं, की बाबा गेले, आई. कारखान्यातच गेले, त्यालाही जमाना झाला. बाबा, बातमी आत्ताच आल्यासारखी ती रडली. कपाळ बडवून घेत होती, मला तिचे हात धरवत नव्हते. मग म्हणाली, "मग फोटो कोण पाठवत होतं?" मी म्हटलं, "मी." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसाइतकी मला स्वतःची किळस कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उठली तेव्हा तुमचं जाणं ती साफ विसरली होती. राग मात्र विसरली नव्हती. "आले नाहीत ना? नकोच येऊ देत." डॉक्टर म्हणाले, पुन्हा सांगू नका, दर वेळी त्या नव्यानं विधवा होतील. तेव्हा आता तुम्ही जिवंत आहात आणि तिला टाकून फिरताय, असंच राहणार. हे पत्र मी घडी घालून कपाटात टाकणार आहे. तुम्हाला कळायला नको, असंही वाटतं.

काल दुपारी भरवताना ती म्हणाली, "तुझा बाप कधी माझा झालाच नाही." तुम्ही तसे नव्हतात, हे ठाऊक असलेली या घरात आता मी एकटीच उरलेय. मी वरणभाताचा घास उचलला आणि म्हणाले, "हो आई, नाहीच झाले." तेव्हा तिनं तोंड उघडलं.